स्ट्रायकर राखले, कणा सोडला : एफसी पुणे सिटीच्या २०१८ मधील संघबांधणीचे प्रकरण

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०१७-१८ च्या हंगामात एफसी पुणे सिटीने १८ साखळी सामन्यांतून ३० गुण मिळवले, चौथा क्रमांक पटकावला आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरी गाठली. पुढच्याच हंगामात हा संघ २२ गुणांसह सातव्या क्रमांकावर घसरला, आणि २०१९ चा पावसाळा संपण्याआधीच क्लबचे अस्तित्व संपले. या दोन हंगामांच्या मधल्या काळात, म्हणजे मार्च २०१८ मधील उपांत्य सामन्यापासून ऑक्टोबरमधील पहिल्या सामन्यापर्यंत, कोणाला राखायचे, कोणाला सोडायचे आणि कोणाला आणायचे याचे जे निर्णय झाले, त्यांचा हा अभ्यास आहे. क्लबच्या बैठकांत काय बोलले गेले हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तिकीट काढून बालेवाडीला, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावर, जाणाऱ्या पुणेकर प्रेक्षकाला जे दिसले आणि जे गुणतक्त्यात नोंदले गेले, तेवढ्यावरच हे लिखाण उभे आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या फुटबॉल रसिकाला क्लब बंद पडण्याची सवय झालेली होती, हे आधी सांगितले पाहिजे. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये मैदानाबाहेर गेला. भारत एफसी आय-लीगमध्ये एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम टिकला आणि २०१७ मध्ये बाहेर पडला. त्यामुळे २०१७ च्या अखेरीस शहरात वरच्या श्रेणीचा एकच संघ उरला होता, आणि ज्यांनी आधी त्याच्याकडे ‘सिनेनटाचा संघ’ म्हणून नाक मुरडले होते, तेही नारिंगी जर्सी घालून बालेवाडीला येऊ लागले होते. पुणे एफसीची अकादमी एफसी पुणे सिटीने आपल्याकडे घेतल्यामुळे या जुन्या मंडळींना तेथे येण्याचे एक सबळ कारणही मिळाले होते.

क्लबचे पहिले तीन हंगाम मोठ्या नावांच्या मागे धावण्यात गेले. २०१४ मध्ये डेव्हिड ट्रेझेगे आला, २०१५ मध्ये एड्रियन मुतू आला, २०१६ मध्ये आयदुर गुडजॉनसनची निवड झाली, पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो जखमी झाला आणि ऐनवेळी मोहम्मद सिसोकोला बोलवावे लागले. या तिन्ही हंगामांत संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. प्रशिक्षकही दरवर्षी नवा होता : फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अँटोनियो हबास आणि २०१७ मध्ये रांको पोपोविच. नव्या प्रशिक्षकाला आपल्या पद्धतीचे खेळाडू हवे असतात, ते मिळेपर्यंत हंगाम अर्धा सरतो, आणि तो बसवतो न बसवतो तोच त्याला निरोप मिळतो, असे हे चक्र होते.

२०१७-१८ चा संघ नेमका कशावर चालला

पोपोविचच्या संघाचे वैशिष्ट्य विचारले तर कोणीही आधी मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांची नावे घेईल, आणि ते चूक नाही. २०१६ मध्ये दिल्ली डायनामोजकडून १० गोल करून गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) जिंकलेला मार्सेलिन्हो पुण्यात आला आणि त्याने ८ गोल केले. नॉर्थईस्ट युनायटेडहून आलेल्या अल्फारोने ९ केले. साखळीतल्या ३० गोलांपैकी निम्म्याहून अधिक गोल या दोघांचे. त्यांच्या जोडीला डिएगो कार्लोसचा वेग होता. या तिघांनी प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीची जी तारांबळ उडवली, ती पाहायला पैसे मोजून जाणे परवडत होते.

मात्र त्याच संघाने १८ सामन्यांत केवळ २१ गोल खाल्ले होते, आणि याची चर्चा स्टेडियमबाहेर चहाच्या टपरीवर क्वचितच होई. त्या वर्षीच्या नियमांनुसार एका वेळी पाचच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येत. आधीच्या हंगामापर्यंत ही मर्यादा सहा होती. पाचपैकी तीन जागा आघाडीच्या त्रिकुटाने घेतल्यावर मागे दोनच उरत. त्या दोन जागांवर बहुतेक वेळा मार्कोस तेबार आणि राफा लोपेझ हे दोन स्पॅनिश खेळाडू दिसत, एक मिडफील्डच्या मध्यभागी आणि दुसरा बचावाच्या मध्यभागी. मार्को स्टान्कोविच आणि नंतर आलेला जोनातन लुका यांना आलटूनपालटून संधी मिळे.

तेबार हा डोळ्यांत भरणारा खेळाडू मुळीच नव्हता. बालेवाडीच्या मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून बराच दूर बसतो. चेंडूवरची कारागिरी तेथून धड दिसत नाही, पण कोण कुठे उभा आहे हे मात्र नकाशासारखे दिसते. मार्सेलिन्हो चेंडू गमावून हात उंचावत उभा राही तेव्हा तेबार आधीच पंधरा पावले मागे सरकलेला असे, आणि भारतीय मध्यरक्षक आदिल खान त्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाची मोकळी जागा भरत असे. आघाडीच्या तिघांनी मागे धावून येण्याची जबाबदारी घेतली नाही तरी संघ उघडा पडत नसे, तो या दोघांमुळे. मार्सेलिन्होला जे स्वातंत्र्य मिळत होते, त्याची किंमत मागे कोणीतरी चुकती करत होते.

उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळुरू एफसीला ०-० असे रोखले गेले. परतीच्या सामन्यात ११ मार्चला बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर त्यांच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि पुण्याकडून लुकाच्या फ्री-किकवरचा एकच गोल झाला, ३-१. पुण्यात कोणी फारसे हळहळले नाही. बंगळुरू त्या वर्षी साखळीत अव्वल होता आणि त्याच्याकडून हरण्यात कमीपणा नव्हता. पुढच्या वर्षी एखाद-दुसरी जागा भक्कम केली की काम झाले, असाच सर्वसाधारण सूर होता.

उन्हाळ्यातील निर्णय

झाले ते असे. मार्सेलिन्हो, अल्फारो आणि डिएगो कार्लोस या तिघांनाही राखले. स्टान्कोविचही राहिला. तेबार गेला, आणि गेला तो थेट दिल्ली डायनामोजकडे, जेथून तो पुण्यात आला होता. राफा लोपेझ गेला. लुका गेला. भारतीय खेळाडूंपैकी मिडफील्डमधला आयझॅक वनमलसाव्मा चेन्नईयिनकडे गेला. पोपोविचही गेला आणि त्याच्या जागी मिगेल आंखेल पोर्तुगाल आले, म्हणजे पाच हंगामांतले पाचवे मुख्य प्रशिक्षक. नव्यांमध्ये इंग्लंडचा बचावपटू मॅट मिल्स, उरुग्वेचा बचावपटू मार्टिन डियाझ, स्पेनचा मध्यरक्षक जोनाथन व्हिला, कॅनडाचा स्ट्रायकर इयान ह्यूम, आणि भारतीयांत रॉबिन सिंग, निखिल पुजारी, कमलजीत सिंग अशी नावे होती.

कागदावर ही यादी वाईट नव्हती. ऑगस्टमध्ये ती वाचून खूश झालेले अनेक जण मला माहीत आहेत. आघाडीचे तिघे शाबूत, वर लीगच्या तोवरच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा ह्यूम, म्हणजे आता तर गोलांचा पाऊसच पडणार, असा हिशेब लावणे सोपे होते. आमच्या शेजारच्या रांगेत नेहमी बसणाऱ्या आणि एकेकाळी खडकीच्या मैदानांवर स्वतः खेळलेल्या एका काकांनी मात्र यादी ऐकून एवढेच विचारले, “अहो, गोल मारणारे राहिले हे ठीक, पण चेंडू हिसकावणारे कोण?”

मला या प्रकरणाचा गाभा त्याच प्रश्नात दिसतो. पाच परदेशी जागांचा नियम २०१८-१९ मध्येही कायम होता. आघाडीसाठी आता तीनऐवजी चार परदेशी दावेदार झाले होते. त्यांपैकी तिघांना खेळवायचे म्हटले तर स्टान्कोविच, व्हिला, मिल्स आणि डियाझ या चौघांसाठी दोनच जागा उरत होत्या. दोन परदेशी सेंटर-बॅक (मधले बचावपटू) खेळवले तर मिडफील्ड पूर्णपणे भारतीय खेळाडूंवर सोडावे लागे. व्हिलाला खेळवले तर एका परदेशी बचावपटूला बाहेर बसवावे लागे. आणि बचाव व मिडफील्ड दोन्ही भक्कम करायचे तर ज्या तिघांसाठी एवढा आटापिटा केला त्यांपैकीच एकाला बाकावर बसवावे लागे. आधीच्या वर्षी हाच पेच तेबार आणि लोपेझ यांच्या स्थिर जोडीने सोडवला होता. ती जोडी मोडताना तिच्या जागी कोणती जोडी येणार हे ठरलेले असल्याचे पहिल्या काही सामन्यांत तरी जाणवले नाही.

ह्यूमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या करारावर पुण्यातल्या रसिकांत मतभेद होते आणि आजही आहेत. ह्यूम हा झुंजार खेळाडू आहे, केरळ आणि कोलकात्याच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले होते, आणि पुण्यात येताना त्याच्या नावावर लीगमधले २८ गोल होते. पण २०१८ च्या सुरुवातीला त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली होती, आणि त्याचे वय तिशीच्या मध्यावर होते. असा खेळाडू हंगामाच्या आरंभी उपलब्ध नसणार हे करार करतानाच उघड होते. पुण्याकडून त्याने एक गोल केला. त्याच्या जिद्दीविषयी माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप असा आहे की ज्या जागेवर संघाला गरजच नव्हती त्या जागेवर हा करार झाला. ट्रेझेगे, मुतू आणि गुडजॉनसन यांना आणणारी जुनी खोड येथे पुन्हा डोके वर काढताना दिसते.

प्रशिक्षकाची निवड

पोर्तुगाल यांनी २०१७-१८ मध्ये दिल्ली डायनामोजला प्रशिक्षण दिले होते आणि तो संघ १९ गुणांसह आठवा आला होता. चौथ्या आलेल्या संघाने आठव्या आलेल्या संघाचा प्रशिक्षक आणावा, यात तत्त्वतः काही गैर नाही; गुणतक्त्यावरून प्रशिक्षकाची पारख होत नाही आणि दिल्लीने त्या हंगामाच्या उत्तरार्धात बरा खेळ केला होता. अडचण निराळी होती. पोपोविचचा संघ चेंडू मिळताच वेगाने पुढे मुसंडी मारणारा होता, आणि राखलेले तिन्ही आघाडीपटू त्याच पद्धतीत खुलले होते. पोर्तुगाल हे चेंडू पायाशी ठेवून, पास देत देत पुढे जाण्याच्या विचाराचे. म्हणजे खेळाडू एका पद्धतीचे राखले आणि प्रशिक्षक दुसऱ्या पद्धतीचा आणला. क्लबला पद्धत बदलायची होती तर आघाडीही नव्याने बांधायला हवी होती. पद्धत टिकवायची होती तर प्रशिक्षक त्याच वळणाचा हवा होता. दोन्ही वाटा खुल्या होत्या. क्लबने प्रत्येकीवर एकेक पाऊल ठेवले.

परिणाम

पहिला सामना ३ ऑक्टोबरला दिल्लीत, तेबारच्या नव्या-जुन्या संघाशी झाला. डिएगोने पुण्याला लवकर आघाडी मिळवून दिली, पण शेवटच्या मिनिटांत दिल्लीने बरोबरी साधली. दुसऱ्या सामन्यात मुंबईने २-० ने हरवले. तिसरा २२ ऑक्टोबरला बालेवाडीत, पुन्हा बंगळुरूशी.

या तिसऱ्या सामन्याची पहिली चाळीस मिनिटे मला अजून आठवतात, कारण ती खरोखर बरी गेली होती. मग मध्यंतराच्या तोंडावर छेत्रीने लागोपाठ दोन गोल केले. या गोलांपेक्षा त्यांच्या आधीची स्थिती अधिक बोलकी होती : पुण्याचे आघाडीपटू पुढेच थांबलेले, बचावपटू आपल्या पेनल्टी क्षेत्राच्या कडेला खेचले गेलेले, आणि दोहोंच्या मध्ये हिरव्यागार गवताचा एक रुंद पट्टा, ज्यावर बंगळुरूचे खेळाडू कोणाचाही धक्का न लागता चेंडू फिरवत होते. मार्चमध्ये याच मैदानावर, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हा पट्टा दिसला नव्हता. उत्तरार्धात बंगळुरूच्याच मिकूने तिसरा गोल केला. त्यानंतर लोक उठून निघू लागले; बालेवाडीहून कोथरूडला किंवा कॅम्पात रात्री परतण्याची सोय कशी असते हे ज्यांना ठाऊक आहे, ते त्यांना दोष देणार नाहीत.

तीन सामने आणि एक गुण, एवढ्यावर पोर्तुगाल यांना निरोप देण्यात आला. ज्या प्रशिक्षकाला पूर्वतयारीचा सगळा काळ दिला, त्याला तीन सामन्यांत काढणे म्हणजे निवडच फसली हे क्लबने स्वतः मान्य करणे होय. प्रद्युम्न रेड्डी यांनी काही काळ संघ सांभाळला, डिसेंबरमध्ये फिल ब्राउन यांची नेमणूक झाली आणि नव्या वर्षात घडी काहीशी बसली. तोवर पहिल्या चारांत येण्याची शक्यता मावळली होती. जानेवारीत अल्फारोला कोलकात्याच्या एटीकेकडे उसने देण्यात आले. उन्हाळ्यात ज्या त्रिकुटाला राखण्यासाठी बाकी रचना वाकवली, ते त्रिकुट हंगाम संपेपर्यंतही एकत्र राहिले नाही.

हंगामाअखेरचे आकडे पाहिले तर केलेले गोल ३० वरून २४ वर आले आणि खाल्लेले गोल २१ वरून ३० वर गेले. गोलरक्षक विशाल कैथ तोच होता, बचावपटू सार्थक गोलुई तोच होता. आघाडी फारशी बदलली नव्हती, तरी तिचीही धार कमी झाली, कारण चेंडू परत मिळवून तिच्यापर्यंत पोहोचवणारी मधली माणसे उरली नव्हती. केवळ स्ट्रायकरांच्या गोलसंख्येवरून संघाचे बलस्थान ठरवले की असे होते.

दुसरी बाजू

या मांडणीवर एक वाजवी आक्षेप घेता येतो. तेबार आणि लोपेझ यांना क्लबने सोडले की तेच गेले, हे बाहेरून सांगता येत नाही. करार संपलेला परदेशी खेळाडू चांगला देकार येईल तिकडे जातो, आणि क्लबची आर्थिक ओढाताण पुढे इतकी वाढली की २०१९ मध्ये तो बंदच करावा लागला. तिजोरीत मोजकेच पैसे असतील तर लोक ज्यांच्यासाठी तिकीट काढतात त्यांनाच आधी राखावे, असा विचार व्यवहार्य वाटू शकतो. मला तो पूर्ण पटत नाही. पैसा कमी असताना चौथा परदेशी आघाडीपटू आणण्याचे समर्थन कसे करायचे? तीच जागा आणि तोच खर्च तेबारसारख्या एखाद्या मध्यरक्षकाकडे वळवता आला असता. या लीगमध्ये तेव्हा पदावनती (तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत रवानगी) नव्हती, त्यामुळे एखादा हंगाम संयमाने, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली बांधणीसाठी देण्याचा धोकाही फार मोठा नव्हता.

त्याच उन्हाळ्यातल्या आणि त्याच्या आधीच्या काही निर्णयांना मात्र मनापासून दाद द्यावी लागते, आणि ते सारे भारतीय खेळाडूंविषयीचे आहेत. पुण्याच्या अकादमीत घडलेला आशिक कुरुनियन जानेवारी २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया करंडक खेळला. आदिल खान त्याच वर्षी भारतीय संघाच्या बचावात उभा राहिला आणि ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात बांगलादेशाविरुद्ध त्याच्याच हेडरने भारताला बरोबरी मिळवून दिली. तोपर्यंत त्याचा पुण्यातला क्लब नाहीसा झाला होता. ईस्ट बंगालहून २०१८ मध्ये आणलेल्या निखिल पुजारीबद्दल त्या ऑगस्टमध्ये आमच्यापैकी कोणीही दोन वाक्ये बोलल्याचे मला आठवत नाही. सगळी चर्चा ह्यूमची. त्या यादीतला सर्वांत दूरदृष्टीचा करार पुजारीचा होता.

त्यानंतर

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी लीगमध्ये दाखल झाला. आशिक बंगळुरूकडे, कैथ चेन्नईयिनकडे, गोलुई आणि डिएगो मुंबई सिटीकडे गेले. मार्सेलिन्हो, स्टान्कोविच, आदिल, रॉबिन, कमलजीत आणि पुजारी हैदराबादला गेले आणि फिल ब्राउन यांनाच तेथे प्रशिक्षक नेमले गेले. म्हणजे पुण्यात जे अर्धवट राहिले होते तेच नव्या नावाने पुढे चालू राहिले, आणि फळही तसेच मिळाले : २०१९-२० मध्ये अवघे १० गुण आणि तळाचा क्रमांक. ब्राउन यांनाही हंगाम संपण्याआधीच जावे लागले.

हैदराबादने पुढे जे केले ते पुण्याच्या रसिकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०२० मध्ये मानोलो मार्केझ यांना आणले, तरुण भारतीय खेळाडूंभोवती संघ बांधला, मिडफील्डमध्ये जुआंव व्हिक्टरसारखा खमका खेळाडू कायम ठेवला, आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षकाला सलग तीन हंगाम दिले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून त्यांनी करंडक जिंकला. निखिल पुजारी त्या विजेत्या चमूत होता. पुण्यात अनेकांनी तो सामना पाहिला, आणि हैदराबादच्या पिवळ्या जर्सीतल्या त्या एका खेळाडूसाठी टाळ्या वाजवाव्यात की वाजवू नयेत यावर आमच्यात बराच वेळ वाद चालला. मी वाजवल्या. बालेवाडीच्या त्या काकांना हे अजिबात रुचले नाही. त्यांच्या मते खेळाडू चांगला असला तरी करंडक परगावचा होता.